बजरीगरच्या जोडीचा पोषक आहार, बेताच्या खर्चात

नागपुरातील एका कुटुंबाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे सुमारे दीड वर्षाची बजरीगरची, म्हणजे बजी या लहान पोपटांची, जोडी आहे. दुकानातून आणलेले मिश्र धान्य आणि पाणी एवढेच त्या पक्ष्यांना मिळते. आयात केलेल्या पेलेटशिवाय, म्हणजे जीवनसत्त्वे व खनिजे घालून बनवलेल्या तयार दाणेदार खाद्याशिवाय, हे पक्षी निरोगी राहणार नाहीत, असे दुकानदाराने सांगितले आहे आणि ते पेलेट घरखर्चात बसत नाहीत. घरातले धान्य आणि भाजीपाला यांवर भागेल काय, प्रमाण किती ठेवावे, आणि नराच्या श्वासासोबत अलीकडे येणाऱ्या बारीक चिकचिक आवाजाचा आहाराशी काही संबंध असेल काय, असे त्यांनी विचारले आहे. पक्ष्यांवर उपचार करणारा पशुवैद्यक म्हणून मी याचे उत्तर सविस्तर देतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या आजारी बजींपैकी बहुतेकांच्या आजाराचे मूळ खाण्याच्या वाटीत असते.

पेलेट नसले तरी भागते. मात्र त्यासाठी धान्य हा आहाराचा एक भाग मानावा लागतो, संपूर्ण आहार मानून चालत नाही. दिवसभर धान्याने भरलेली वाटी स्वस्त वाटते, पण तिच्यातून उद्भवणाऱ्या यकृताच्या किंवा श्वसनाच्या आजारावर जो खर्च होतो त्यात वर्षभराची भाजी सहज येते.

बजरीगर हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला पक्षी. तिथे तो जमिनीवर उतरून गवताचे बी टिपतो, त्यात पिकलेले तसेच अर्धे हिरवे, दुधाळ दाणेही असतात, आणि पाण्याच्या व अन्नाच्या शोधात तो रोज लांबवर उडतो. आपल्या घरात तोच पक्षी दीड-दोन फुटांच्या पिंजऱ्यात बसून राहतो आणि महिनोन्महिने गोदामात पडलेले कोरडे धान्य खातो. त्यामुळे एकाच आहारातून दोन विरुद्ध गोष्टी घडतात, म्हणजे उष्मांक गरजेपेक्षा अधिक मिळतात आणि जीवनसत्त्व अ, कॅल्शियम व आयोडीन गरजेपेक्षा फार कमी मिळतात. जीवनसत्त्व अ कमी पडले की नाक, तोंड आणि श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराची रचनाच बिघडते आणि तिथे जंतुसंसर्ग वारंवार होऊ लागतो. कॅल्शियम कमी पडले की मादीचे अंडे अडकते. आयोडीन कमी पडले की श्वासनलिकेलगतची थायरॉइड ग्रंथी फुगते. जास्तीचे उष्मांक चरबीच्या रूपाने यकृतात आणि छातीवरच्या गाठींत साठतात. हे सर्व सावकाश होत असते, आणि आजार लपवणे हा पक्ष्यांचा स्वभावच असल्यामुळे घरच्यांना ते उशिरा कळते.

धान्यापासून सुरुवात करू. बजीसाठी उत्तम धान्य म्हणजे सालीसकट राळे, ज्याला पक्ष्यांच्या दुकानात कांगणी म्हणतात. त्याच्या जोडीला सालीसकट वरी, मेळघाटात आणि शेजारच्या मध्य प्रदेशात पिकणारी कुटकी, थोडी बाजरी, आणि परवडत असेल तर थोडे कॅनरी सीड असावे. मी साधारणपणे चार भाग राळे, दोन भाग वरी किंवा कुटकी, एक भाग बाजरी आणि एक भाग कॅनरी सीड असे प्रमाण सांगतो. कॅनरी सीड वगळले तरी बिघडत नाही. सूर्यफुलाच्या बियांचा जवळजवळ अर्धा भाग तेल असतो, तर राळ्यात स्निग्धांश सुमारे चार टक्केच असतो. तयार मिश्रणात सूर्यफूल, करडई आणि रंगवलेले दाणे घालून त्याची किंमत वाढवलेली असते, म्हणून ती पाकिटे टाळावीत आणि धान्य सुटे, स्वतंत्रपणे घ्यावे. इतवारीच्या किराणा बाजारात लहान भरडधान्ये सुटी मिळतात. उपवासाची भगर सोललेली असते. ती अधूनमधून चालेल, पण रोजचे धान्य सालीचेच हवे, कारण सोललेला दाणा लवकर खवट होतो, आणि एकेक दाणा चोचीत फिरवून त्याची साल काढणे हा पिंजऱ्यातल्या पक्ष्याचा दिवसातला मोठा उद्योग असतो.

एका बजीला दिवसाला दीड ते दोन सपाट चमचे धान्य पुरते. चमचा चहाचा, शीग न लावलेला. म्हणजे जोडीला महिन्याला साधारण अर्धा किलो धान्य लागते, आणि त्याचा भाव पाहता खरी बचत धान्याची प्रत खाली आणून होत नाही हे लक्षात येईल. धान्य दोन वेळा विभागून द्यावे. देण्यापूर्वी वाटी हातात घेऊन वरची फोलपटे फुंकून टाकावीत. बजी दाणा सोलून साल तिथेच टाकतो, त्यामुळे वाटी वरून भरलेली दिसते आणि खाली दाणा एकही नसतो. अशा भरलेल्या वाटीसमोर उपाशी मेलेले पक्षी मी पाहिले आहेत, आणि घरच्यांच्या मनाला त्याचा फार त्रास होतो, म्हणून हे एवढे आग्रहाने लिहीत आहे.

धान्य ताजे आहे की नाही याची परीक्षा घरी बिनखर्चात होते. वीस दाणे ओल्या सुती कापडात गुंडाळून ठेवावेत आणि कापड ओले राहील हे पाहावे. तीन-चार दिवसांत त्यांतल्या सोळा-सतरा दाण्यांना मोड आले तर धान्य जिवंत आहे. निम्म्यालाही मोड आले नाहीत तर ते दुकान बदलावे.

यानंतर सांगायच्या दोन गोष्टींबाबत मला विशेष काळजी वाटते. पहिली म्हणजे, किडू नये म्हणून आपल्या घरांत धान्याला बोरिक पावडर चोळतात किंवा डब्यात पाऱ्याच्या गोळ्या टाकतात. माणूस धान्य धुऊन, शिजवून खातो. तीस-पस्तीस ग्रॅमचा पक्षी ते तसेच खातो. घरातल्या अशा डब्यातली बाजरी किंवा ज्वारी पक्ष्याला कधीही देऊ नये. त्याचे धान्य वेगळे आणावे, चाळून घ्यावे आणि पिशवीत बंद करून चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवावे, म्हणजे किडे आणि त्यांची अंडी मरतात. नंतर ते पूर्ण कोरडे करून हवाबंद डब्यात भरावे. दुसरी गोष्ट म्हणजे, शेती असलेल्या घरांत पेरणीचे बियाणे उरते आणि ते पाखरांना टाकले जाते. कृषी केंद्रातून आलेल्या बियाण्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक लावलेले असते आणि म्हणूनच ते बहुधा गुलाबी, लाल किंवा निळसर दिसते. ते धुऊनही देऊ नये.

बुरशीचा विचारही इथेच केला पाहिजे. नागपूरच्या उन्हाळ्यात घराघरांत कूलर चालतो, खोलीतली हवा दमट होते आणि उघड्या डब्यातले धान्य ओल धरते. पावसाळ्यात तर हे होतेच. बुरशी लागलेले धान्य किती घातक असते, हे ऑक्टोबर 2024 मध्ये बांधवगढच्या जंगलात दिसले. तिथे दहा हत्ती मेले आणि त्यांच्या शरीरात बुरशी लागलेल्या कोदो या भरडधान्यातून येणारे विष आढळले. कुबट वास येणारे, गुठळी झालेले किंवा हाताला ओलसर लागणारे धान्य वाळवून वापरण्याचा मोह धरू नये, कारण वाळवल्याने विष जात नाही. महिन्याभरापुरतेच धान्य आणावे आणि डबा कूलरच्या वाऱ्यापासून दूर ठेवावा.

आता भाजीपाल्याकडे येतो, कारण कमी खर्चात सर्वांत मोठा फरक इथेच पडतो. जीवनसत्त्व अ शरीरात ज्यापासून तयार होते ते घटक गडद हिरव्या पाल्यात आणि नारिंगी भाज्यांत भरपूर असतात, आणि या गोष्टी आपल्याकडे स्वस्त आहेत. पहिल्या क्रमांकावर मी मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला ठेवतो. नागपूरच्या जुन्या वस्त्यांत आणि ले-आउटमध्ये मुनग्याचे एखादे झाड असतेच, आणि एक छोटी डहाळी जोडीला दिवसभर पुरते. त्याच्या पाल्यात कॅल्शियमही चांगले असते. त्याखालोखाल मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि हिवाळ्यात मुळ्याचा पाला, गाजराचा शेंडा, फुलकोबीची बाहेरची कोवळी पाने. कॉटन मार्केटमध्ये किंवा गोकुळपेठेच्या बाजारात भाजीवाल्या बाई फुलकोबीची पाने तोडून बाजूला टाकत असतात. नेहमीचे गिऱ्हाईक असाल तर ती मागितली की मिळतात. त्यांतली पिवळी पडलेली आणि चिकट झालेली सोडून द्यावीत. सर्व पाला वाहत्या पाण्याखाली नीट धुवावा, पाने सुटी करून धुवावीत, कारण फवारणीचे औषध पानांच्या बेचक्यांत राहते.

पालक, राजगिरा आणि चुका यांत ऑक्झॅलेटचे प्रमाण जास्त असते आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून पालक व राजगिरा आठवड्यातून एखाद्या वेळी द्यावा आणि चुका देऊच नये. काकडी बजींना आवडते, पण ती बहुतांश पाणीच आहे. उन्हाळ्यात दुपारी एखादी चकती चांगली, तिला भाजी म्हणून मोजू नये. गाजर आणि लाल भोपळा किसून द्यावा. ढोबळी मिरची उत्तम. हिरवी किंवा पिकलेली लाल मिरचीही पक्ष्याला चालते, कारण मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही. बिया पाहून तर बजी तिच्यावर तुटून पडतात. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीचे कोवळे कणीस आणि कोवळा मका द्यावा. संत्र्याची एखादी फोड, बी काढून, आठवड्यातून एक-दोनदा पुरे. फळांत साखर असते आणि या पक्ष्याचे मूळ अन्न फळ नाही, त्यामुळे पेरू, पपई, संत्रे यांचे प्रमाण चवीपुरतेच राहावे.

जोडीला दिवसाला एक मोठा चमचाभर बारीक चिरलेली भाजी आणि पाल्याची एक डहाळी, एवढे पुरे. चिरलेली भाजी हिवाळ्यात तीन-चार तास राहिली तरी चालते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना ती तासाभरात काढून घ्यावी.

बहुतेक जण इथपर्यंत येतात आणि मग म्हणतात की आमचे पक्षी भाजीला शिवत नाहीत. बजी अनोळखी वस्तूला घाबरतो. ती खाण्याची आहे हेच त्याला ठाऊक नसते, आणि दीड वर्ष केवळ धान्य खाल्लेल्या पक्ष्याला हे शिकायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही लागतात. सकाळी उठल्यावर त्याची अन्नाची पिशवी रिकामी असते, म्हणून पहिला तास भाजीचा ठेवावा आणि धान्य त्यानंतर द्यावे. सुरुवातीला भाजी धान्याच्या आकाराएवढी बारीक चिरून तिच्यावर थोडे राळे भुरभुरावे, म्हणजे राळे टिपताना पाला चोचीत जातो. ओल्या मेथीची जुडी बसायच्या दांडीजवळ टांगली तर काही बजी आधी तिच्या पाण्यात अंग घासतात आणि मग चावू लागतात. पिंजऱ्यासमोर बसून तुम्ही स्वतः तीच पाने खाल्लीत तर त्याचाही उपयोग होतो, कारण हा थव्यात राहणारा पक्षी आहे आणि दुसरा जे खातो ते त्याला सुरक्षित वाटते. धान्य पूर्ण बंद करून उपाशी ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. एवढ्या लहान शरीरात उपवास सोसण्याइतका साठा नसतो.

घरी थोडी जागा असेल तर एक उपाय मी फार मनापासून सुचवतो. त्याच कांगणीचे चमचाभर दाणे एका रुंद कुंडीत पेरावेत. राळ्याचे पीक साधारण अडीच-तीन महिन्यांत तयार होते, आणि त्याची कणसे दुधाळ असताना कापून दिली तर पक्ष्याला त्याच्या मूळ प्रदेशातल्या खाण्याच्या सर्वांत जवळचे अन्न मिळते. दुकानात वाळलेले असे कणीस सुट्या धान्यापेक्षा पुष्कळ महाग मिळते. मेथीही पसरट ट्रेमध्ये तीन आठवड्यांत खुडण्याजोगी होते, आणि तिच्यावर औषध फवारलेले नाही याची खात्री असते.

मोड आलेले धान्य आठवड्यातून दोन-तीनदा द्यावे. राळे, बाजरी, मूग, मटकी हे सर्व चालते. राजमा किंवा पावट्यासारखी मोठी कडधान्ये कच्ची देऊ नयेत, कच्च्या राजम्यात विषारी घटक असतो. दाणे आठ-दहा तास भिजवावेत, पाणी फेकून द्यावे, दिवसातून तीनदा धुवावेत आणि मोडाचे टोक दिसताच द्यावेत. लांब मोडांची वाट पाहू नये. वास आंबूस आला किंवा दाणे बुळबुळीत झाले तर सगळे टाकून द्यावेत. एप्रिल ते जून या काळात मी मोड ओट्यावर ठेवण्याऐवजी फ्रीजमध्ये सावकाश आणायला सांगतो.

प्रथिनांसाठी आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याचा लहान चमचाभर चुरा जोडीला पुरतो. अंडे रोज देऊ नये. भरपूर मऊ आणि पौष्टिक खाणे मिळाले की मादी अंडी घालण्याच्या तयारीला लागते, आणि तुम्हाला पिल्ले नको असतील तर तिच्या शरीरावर तो अकारण ताण असतो. त्याच अंड्याची कवचे दहा मिनिटे उकळून, वाळवून, कुटून एका लहान वाटीत ठेवली तर कॅल्शियमचा खर्च जवळपास संपतो. त्याच्याबरोबर समुद्रफेसाचा, म्हणजे कटलबोनचा, एक तुकडा पिंजऱ्याला मऊ बाजू आत करून बांधावा. आयुर्वेदिक औषधांच्या जुन्या दुकानांत तो मिळतो आणि कित्येक महिने टिकतो. कॅल्शियम अंगी लागायला जीवनसत्त्व ड लागते आणि ते सकाळच्या कोवळ्या उन्हातून मिळते. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा त्यासाठी उपयोग होत नाही. पिंजरा बाहेर ठेवताना अर्धा भाग सावलीत असावा आणि माणूस जवळ असावा, कारण मांजर आणि शिक्रा दोघेही शहरात आहेत. आयोडीनसाठी, ते घातलेला मिनरल ब्लॉक, म्हणजे खनिजांचा ठोकळा, एकदा विकत घ्यावा. मीठ हा त्याला पर्याय नाही. वाळूच्या खड्यांची, म्हणजे ग्रिटची, गरज नाही; बजी दाणा सोलून खातो.

पेलेटविषयी माझे मत असे आहे. त्यात जीवनसत्त्वे आणि खनिजे मोजून घातलेली असतात, आणि ज्या घरात रोज भाजी चिरून देणे जमणार नाही तिथे ते फार उपयोगी ठरतात. परवडत असतील तर कोरड्या खाण्याचा तिसरा हिस्सा पेलेट ठेवावेत. पण मोठ्या पोत्यातून काढून साध्या पिशवीत भरलेले, तारीख नसलेले पेलेट घेण्यापेक्षा ते न घेतलेले बरे, कारण त्यांतली जीवनसत्त्वे काळानुसार नष्ट होतात आणि तुम्ही दाम मोजता ते त्यांच्यासाठीच. पाण्यात टाकायची टॉनिके मात्र पूर्ण बंद करावीत. पाण्याची चव बदलली की पक्षी पाणी कमी पितो, जीवनसत्त्वे पाण्यात लवकर निकामी होतात आणि जंतू वाढतात. साधे पिण्याचे पाणी दिवसातून दोनदा बदलावे आणि भांडे घासून घ्यावे.

काय देऊ नये हे थोडक्यात सांगतो. अॅव्होकॅडो आणि चॉकलेट हे विष आहे. कांदा, लसूण, चहा, कॉफी, दूध, सफरचंदाच्या बिया टाळाव्यात. पाहुणे कौतुकाने तर्री-पोह्यातले पोहे, शेव किंवा बिस्किटाचा तुकडा पिंजऱ्यात देतात. त्यांतले मीठ आणि तेल या शरीराला फार होते, तेव्हा पाहुण्यांना स्पष्ट सांगावे. मीठ-तेलाशिवाय शिजवलेली मऊ खिचडी आपल्या जेवणाआधी बाजूला काढून चमचाभर द्यायला हरकत नाही.

टॉनिक आणि सूर्यफुलाच्या पाकिटांवरचे पैसे वाचले की त्यातून एक डिजिटल वजनकाटा घ्यावा, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा. दर रविवारी सकाळी, खाणे देण्यापूर्वी, दोघांचे वजन वहीत लिहावे. आहार बदलण्याच्या काळात ते दोन दिवसांआड घ्यावे. पिसे फुलवून बसलेला पक्षी जाड दिसतो, पण काटा खरे सांगतो. मूळ वजनाच्या दहा टक्के घट, म्हणजे 35 ग्रॅमच्या पक्ष्यात साडेतीन ग्रॅम, ही डॉक्टरकडे जाण्याची वेळ असते. भाजी सुरू केल्यावर विष्ठेत पाण्याचा भाग वाढतो आणि तिचा रंग खाण्याप्रमाणे बदलतो, त्याने घाबरू नये; पक्षी सुस्त असेल, पिसे फुलवून बसत असेल किंवा खाणे बाहेर काढत असेल तर मात्र थांबू नये.

आणि म्हणूनच नराच्या आवाजाकडे वेगळे लक्ष द्यायला हवे. केवळ धान्यावर वाढलेल्या बजीच्या श्वासासोबत येणारा चिकचिक किंवा बारीक शिट्टीसारखा आवाज हे फुगलेल्या थायरॉइड ग्रंथीचे लक्षण असू शकते. ती ग्रंथी छातीच्या आत, श्वासनलिकेलगत असते, त्यामुळे बाहेरून गाठ दिसत नाही. हाच आवाज जंतुसंसर्गाने किंवा बुरशीनेही येतो, आणि या सर्वांचे उपचार वेगवेगळे आहेत. आयोडीनचे औषध स्वतःच्या मनाने पाण्यात टाकू नये, मात्रा चुकली तर अपाय होतो. आहार सुधारण्याची वाट न पाहता या आठवड्यातच त्याला पक्षी तपासणाऱ्या पशुवैद्यकाकडे न्यावे. तुमच्या भागात कोणी नसेल तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयात चौकशी करावी. शेपटी प्रत्येक श्वासाला वरखाली होत असेल किंवा तो चोच उघडी ठेवून श्वास घेत असेल तर त्याच दिवशी न्यावे. जाताना पिंजरा झाकलेला असावा, तळाचा कागद न बदलता तसाच ठेवावा, म्हणजे विष्ठा पाहता येते, आणि सध्या देत असलेल्या धान्याची मूठभर पुडी व डब्यावरची माहिती सोबत असावी. मादीला काही त्रास दिसत नसला तरी तिलाही बरोबर न्यावे, कारण दोघांचा आहार तोच आहे.